चार टॅब, चारही ‘टूडू.टीएक्सटी’

माझी सगळी कामं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतात. एका ओळीत एक काम. ओळीच्या सुरुवातीला कंसात ए, बी, सी असा अग्रक्रम, अधिकचं चिन्ह लावून प्रकल्प, आणि काम झालं की ओळीआधी छोटा एक्स. तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही पद्धत मला फार आवडते, कारण उद्या एखादं ॲप बंद पडलं तरी यादी नोटपॅडमध्येही उघडते. पद्धतीचं नाव टूडू.टीएक्सटी, आणि बहुतेक ॲप फाईललाही तेच नाव देतात. यादी एकच असेल तर काही अडत नाही. माझ्या चार आहेत: घर, ऑफिस, सोसायटी (मी सेक्रेटरी आहे) आणि साताऱ्याला आईकडची कामं.

चौघींना वेगवेगळी फोल्डरं दिली होती, त्याला कारण होतं. या पद्धतीची मूळ स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लाइनवर आज्ञा टाइप करून चालवायचा छोटा प्रोग्रॅम, झालेली कामं उचलून डन.टीएक्सटी नावाच्या फाईलमध्ये टाकते. चारही याद्या एकाच ठिकाणी ठेवल्या असत्या तर झालेल्या कामांची खिचडी झाली असती. स्क्रिप्टपुरती ही रचना चोख चालली. अडचण आली ती टॅबवालं डेस्कटॉप ॲप घेतल्यावर. त्याच्या टॅबवर फक्त फाईलचं नाव दिसायचं, फोल्डर नाही. म्हणजे वर ओळीने चार वेळा ‘टूडू.टीएक्सटी’.

आतला मजकूर बघून ओळखावं, तर ‘लाईट बिल भरणे’ ही ओळ तीन याद्यांत होती. एक आमच्या घरचं बिल, एक सोसायटीच्या कॉमन मीटरचं, एक आईचं. तिन्हींची शेवटची तारीख वेगळी. ‘टाकी साफ करून घेणे’ घरच्या यादीत आणि सोसायटीच्याही. ओळीवर टिक करण्याआधी आपण कुठल्या यादीत आहोत हे नक्की कळायलाच हवं. आईचं बिल भरायचं राहिलं आणि यादीत मात्र भरलेलं दिसलं, तर त्या यादीचा उपयोग काय?

पहिला उपाय सुचला तो फाईलच्या माथ्यावर ‘ही सोसायटीची यादी’ अशी ओळ टाकण्याचा. पण या पद्धतीत शेऱ्याची सोयच नाही, प्रत्येक ओळ म्हणजे काम. तारखेप्रमाणे क्रम लावला की ती ओळ खाली जाते. तिला ए अग्रक्रम दिला तर वर राहते, पण रोजच्या तातडीच्या कामांत ठाण मांडून बसते. काढून टाकली.

मग नीट बसून मुळापासून छडा लावायचं ठरवलं. आधी संपूर्ण होम फोल्डरमध्ये या नावाच्या फाईली शोधल्या, पूर्ण पत्त्यासकट. चारच्या जागी सहा निघाल्या. एक डाउनलोड्समध्ये होती, सोसायटीच्या खजिनदारांनी मेलवर परत पाठवलेली. दुसरी थेट होम फोल्डरमध्ये. तिच्यावर रिअलपाथ (फाईलचा खरा पत्ता सांगणारी आज्ञा) चालवलं तेव्हा ती वेगळी फाईल नसून ऑफिसच्या यादीकडे नेणारी लिंक असल्याचं कळलं. अशी लिंक उपयोगाची असते, पण तिच्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. काही प्रोग्रॅम सेव्ह करताना नवी फाईल लिहून ती जुन्या नावावर ठेवतात. तसं झालं की लिंक जाते, तिच्या जागी खरी फाईल येते, आणि त्या क्षणापासून एकाच यादीच्या दोन याद्या होतात, कुणालाही न कळता. मी ती लिंक काढली आणि स्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) ऑफिसच्या फाईलचा पूर्ण पत्ता दिला.

डाउनलोड्समधली फाईल आणि सोसायटीची मूळ यादी, यांत खजिनदारांनी काय बदललं ते शोधणं सगळ्यात किचकट होतं. सरळ डिफ (दोन फाईलींतला फरक ओळीओळीने दाखवणारी आज्ञा) चालवलं तर एकूण एक ओळ वेगळी दाखवली, डोळ्यांना मात्र त्या सारख्याच दिसत होत्या. त्यामागे दोन गोष्टी होत्या. त्यांचा लॅपटॉप विंडोजचा आहे. तिथे ओळीच्या शेवटी न दिसणारी दोन चिन्हं पडतात, माझ्या लिनक्सवर एकच. आणि त्यांच्या ॲपने सेव्ह करताना ओळींचा क्रमही बदलला होता. डॉसटूयुनिक्स नावाच्या प्रोग्रॅमने ते जादा चिन्ह काढलं, दोन्ही फाईलींच्या ओळी सॉर्ट केल्या आणि मग डिफ चालवलं, तेव्हा खरा फरक हाती आला. त्यांनी लिफ्टच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणाची आणि टँकरवाल्याच्या थकबाकीची ओळ घातली होती, बाकी सगळं जसंच्या तसं. त्या दोन ओळी मूळ यादीत घेतल्या आणि ती प्रत काढून टाकली. तारीख किंवा आकार बघून हे कळलं नसतं. फाईलची तारीख नुसती कॉपी केल्यानेही बदलू शकते.

त्यानंतर नावं बदलली: घर.टीएक्सटी, ऑफिस.टीएक्सटी, सोसायटी.टीएक्सटी, सातारा.टीएक्सटी. झालेल्या कामांच्या फाईलींनाही तसंच, सोसायटी-डन.टीएक्सटी वगैरे. टूडू.टीएक्सटी हेच नाव हवं अशी सक्ती नाही, स्क्रिप्टच्या कॉन्फिगमध्ये दोन्ही फाईलींची नावं आपल्याला ठरवता येतात. नाव बदलताना मात्र लॅपटॉपवरचं आणि फोनवरचं ॲप बंद ठेवलं आणि सिंकथिंगने (लॅपटॉप आणि फोनवरच्या फाईली सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळं फोनवर पोचवेपर्यंत थांबले. मधेच फोनवरच्या ॲपने जुन्या नावाने फाईल पुन्हा तयार केली असती तर सगळं परत पहिल्यापासून. नंतर फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक यादी नव्याने निवडून दिली, आणि चारही याद्यांत ‘तपासणी’ असं एकेक काम टाकून ते दोन्हीकडे योग्य यादीतच दिसतंय ना, हे पाहिलं.

फोनवर नावाचा फायदा जास्त जाणवतो. तिथे फाईल निवडताना अलीकडच्या फाईलींची जी यादी येते, तिच्यात मला नाव दिसायचं, फोल्डर नाही. फोल्डर फाईलबरोबर मेलमध्येही जात नाही, व्हॉट्सॲपवरही जात नाही. नाव जातं.

त्याच्याही पुढे, आता प्रत्येक ओळीत प्रकल्पाची खूण घालते: ‘लाईट बिल भरणे +सोसायटी’, ‘लाईट बिल भरणे +सातारा’. देवनागरीतली खूण मी वापरते त्या दोन्ही ॲपना नीट कळते. त्यामुळे चारही याद्या एकत्र करून शोध घेतला तरी ओळ कुठली ते ओळीवरच असतं. खजिनदार अजूनही यादी विंडोजवरून पाठवतात. ती सोसायटी-खजिनदार.टीएक्सटी म्हणून वेगळी ठेवते आणि मिळवून झाली की लगेच काढून टाकते.