काळा रंग उतरला, शेवटची चार बोटं सोडून

एप्रिलच्या शेवटी दुकानात केसांना लावायचा नेहमीचा गडद तपकिरी रंग मिळाला नाही, म्हणून मी ‘नॅचरल ब्लॅक’ आणला. डब्यावर 30 मिनिटं लिहिलं होतं. पांढरे केस नीट झाकले जावेत म्हणून मी 45 मिनिटं ठेवला. धुऊन, वाळवून आरशात पाहिलं, तर डोक्यावर टोप चढवल्यासारखं दिसत होतं. उन्हात गेलं की निळसर झाक. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तू आजारी दिसतेस.” खोटं नव्हतं ते. शाळा 15 जूनला उघडणार होती आणि त्या डोक्याने मला वर्गात जायचं नव्हतं.

पार्लरमधल्या ताईंनी रंग दुरुस्त करायचे 4,500 रुपये सांगितले. मुलीच्या अकरावीच्या वर्षात एवढे पैसे केसांवर घालायची माझी तयारी नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, घरीच बघू.

सुरुवात सोपी गेली. दुसऱ्याच दिवसापासून कोंड्याचा शाम्पू लावला, दर वेळी दोनदा. तीन धुण्यांत बराच रंग गेला, मोरीतलं पाणी राखाडी व्हायचं. मग क जीवनसत्त्वाच्या 500 मिलिग्रॅमच्या 15 गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, शाम्पूत कालवल्या आणि ओल्या केसांना लावून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. पाऊण तासाने धुतलं तर फेस तपकिरी. मुळांपासून खांद्यापर्यंतचे केस एका फेरीत गडद तपकिरी झाले आणि मला फार आनंद झाला. (गोळ्या चघळायच्या घेऊ नका. त्यात साखर असते, केस चिकट होतात आणि धुवायला दुप्पट पाणी लागतं.)

पण खांद्याखालची चार बोटं कोळशासारखीच राहिली. वर तपकिरी, खाली काळं, आणि मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. आधी होतं त्याहून वाईट.

का, ते मला नंतर उमगलं. पक्क्या रंगाचे कण लहान असतात. अमोनियामुळे केसाचं वरचं आवरण फुगतं, कण आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे आतल्या आत एकमेकांना जोडून मोठे होतात. मग ते बाहेर कसे पडणार? क जीवनसत्त्व क्षपणक आहे, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट काम करतं, त्यामुळे ते ताज्या रंगाला थोडंफार सैल करतं. दहावीला मी ऑक्सिडीकरण-क्षपण दरवर्षी शिकवते. माझ्या टोकांवर मात्र नुसता ताजा रंग नव्हता. तीन वर्षं दर दीड-दोन महिन्यांनी मी मुळांना लावायचा रंग उरला की टोकांपर्यंत ओढत होते. त्याआधी ‘काळी मेंदी’. तिच्या पुडीवर बारीक अक्षरात पीपीडी (पक्क्या रंगात असतं ते रसायन) लिहिलेलं असतं, म्हणजे तोही रासायनिक रंगच. थरावर थर बसलेले. कोणी हे वाचत असेल तर एवढं एक ऐका: रंग फक्त वाढलेल्या मुळांना लावा.

आणि मग पाणी! आम्ही सोलापुरात राहतो. आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, मधले दिवस बोअरचं. एका फेरीला अडीच बादल्या लागतात. दुसरी फेरी मी घाईने बोअरच्या पाण्यावर केली. ते पाणी जड, शाम्पूला फेसच येईना, केसांवर काहीतरी बसल्यासारखं वाटायचं आणि डोकं दोन दिवस खाजलं. त्यानंतर ठरवलं, नळाचं पाणी येईल त्याच दिवशी. म्हणजे पाच दिवसांत एक प्रयत्न. मे महिना, अंगाची लाही होतेय आणि मी कॅलेंडरवर नळाचे दिवस मोजतेय. तिसऱ्या फेरीनंतर टोकांत जेमतेम लालसर छटा आली. चौथ्या फेरीला टाळू चुरचुरली, तेव्हा थांबले. खरं तर तिसरीनंतरच थांबायला हवं होतं. टोकं झाडूसारखी कोरडी झाली होती.

या मधल्या दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. जाऊबाई म्हणाल्या, लिंबू पिळून गच्चीवर बस. सोलापूरच्या मे महिन्यात! लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग उठतात, हे कृपा करून करू नका. खायचा सोडाही मी लावला नाही. त्याचा सामू (पीएच) 8 च्या वर, केसांना 5 च्या आसपास बरा असतो. आणि वरून फिका रंग लावून उपयोग नाही, रंगाने रंग उजळत नाही.

टोकांना शेवटी कामी आलं ते साधं खोबरेल. रात्री कोमट करून लावायचं, उशीवर जुना टॉवेल घालायचा, सकाळी शाम्पू. रंग अगदी थोडा उतरला, पण केस पुन्हा मऊ झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पार्लरमध्ये 150 रुपये देऊन दोन बोटं कापून घेतली. उरलेल्या दोन बोटांचा रंग वरच्या तपकिरीत बराचसा मिसळतो, वेणी घातली की दिसतही नाही. शाम्पू, गोळ्या, तेल आणि कापणं मिळून 500 च्या आत झालं, याचा मला अभिमान आहे.

सांगायचं राहिलं: गोळ्यांचा लेप आधी कानामागच्या एका बटेवर लावून बघा, आणि डोक्याला जखम किंवा पुरळ असेल तर लावूच नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे माझी ती दोन बोटं दिवाळीपर्यंत कापून जातील. उद्या नळाचा दिवस आहे. उद्या फक्त साधा शाम्पू.