गार, पण ओली खोली

"एसी चालू आहे ओ, खोलीपण गार आहे, पण अंथरूण ओलं लागतंय." जुलैतला फोन. सोलापूरच्या पूर्व भागातलं घर, एसी मे महिन्यात मीच बसवलेला.

माझ्याआधी कुणीतरी येऊन गॅस भरून गेला होता. आमच्यातल्या निम्म्यांना एवढं एकच औषध येतं. इथं तर खोली गारच होती, 24 अंश. पण आर्द्रतेचा काटा 80 टक्क्यांच्या पुढं. काकूंनी कपाट उघडलं तर कुबट वास, आणि तळातल्या चादरीच्या घडीवर हिरवट ठिपके. सोलापुरात चादरीला बुरशी!

गॅसचा दाब मोजायचं गेज पिशवीतच ठेवलं. बाहेर जाऊन ड्रेनच्या पाइपाखाली लिटरची बाटली लावली आणि घड्याळ बघत बसलो. आमची नवीन पोरं याला हसतात. हसू देत. पावसाळी हवेत एवढं मशीन नीट चाललं तर तासाभरात बाटली भरून वाहायला हवी. पाव बाटलीही भरली नाही. कॉम्प्रेसर सहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा, पंखा मात्र फिरतच. म्हणजे एसीतल्या गार कॉइलवर हवेतलं पाणी धरतंय, ते ओघळून पाइपापर्यंत पोचायच्या आत कॉम्प्रेसर थांबतोय, आणि पंखा तीच ओल परत खोलीत सोडतोय. दहा बाय अकराची खोली अन् दोन टनाचं मशीन! टन म्हणजे गार करायची ताकद; एवढं मोठं मशीन छोटी खोली मिनिटांत गार करून थांबतं. एक टन पुरला असता.

त्यात भर म्हणजे शेजारी हॉलमध्ये खिडक्या लावून कूलर चालू. "उन्हाळ्यात किती गार लागायचा," काका म्हणाले. लागणारच. मेमध्ये 43 अंशाला हवा कोरडी ठणठणीत, पॅडवरचं पाणी भराभर वाळतं आणि वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं. जुलैत हवाच पाण्यानं भरलेली, त्यात कूलर फक्त ओल वाढवतो. तीच दाराखालून बेडरूममध्ये येत होती.

कूलर बंद करायला लावला, एसी ओल काढायच्या ड्राय मोडवर टाकला. दीड तासानं काटा 62 वर आला. काका बाटलीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघाले, त्यांना थांबवलं. कॉइलवरची धूळ धुऊन आलेलं पाणी ते, डिस्टिल्ड नव्हे.

मेमध्ये त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला होता, "सोलापूरचं ऊन आहे, मोठाच टाका." दुकानदाराला तेच हवं होतं. खोली बघितल्या बघितल्या माझ्या लक्षात आलं होतं, तरी मी ड्रिल काढलं आणि भिंतीला भोक पाडलं. मला कुणी विचारलं कुठं, असं मी घरी बायकोला सांगितलं. पण विचारणार कोण? काकांना टन म्हणजे मशीनचं वजन वाटत होतं.

निघताना ते म्हणाले, "बदलून मिळेल का हो छोटा?"

"दुकानात विचारतो," म्हणालो. तीन आठवडे झाले, अजून विचारलेलं नाही.