तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीच्या शाळेचं

लग्नाच्या पंगतीत विचारतात, पतसंस्थेच्या काउंटरवर पासबुक पुढे करता करता विचारतात. परवा तर सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये समोरच्या बाकावरच्या काकूंनी ओळख निघाल्या निघाल्या विचारलं. घराजवळची एवढी जुनी अनुदानित शाळा सोडून पोरीला त्या विनाअनुदानित, नुसत्या मुलींच्या शाळेत का टाकलं? आणि पैसेच भरायचे होते तर नाशिक-पुण्याला होस्टेलला का नाही ठेवलं? रोज व्हॅनने जा, रोज ये, हे काय?

आतापर्यंत मी "तिथे शिस्त चांगली आहे" एवढं सांगून वेळ मारून नेत आले. ते खोटं आहे. शिस्त दोन्हीकडे सारखीच, म्हणजे बेताचीच.

होस्टेलचं आधी उरकते. पोरगी रोज संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर असून मला तिचं दुखणं कळलं नाही, ते दोनशे किलोमीटरवरून फोनवर काय कळणार होतं?

आता शाळेचं. खरं तर मुलींच्या वेगळ्या शाळेला सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. आमच्या बचत गटात 8 मार्चला दरवर्षी मलाच बोलायला लावतात. एका वर्षी मी माईक हातात घेऊन म्हटलं होतं, "पोरींना वेगळं कोंडायचं कशाला? पोरं काय वाघ आहेत? सोबत शिकतील तर दोघांनाही सवय होईल." टाळ्याही पडल्या होत्या. ते वाक्य मला आजही पटतं, हीच तर पंचाईत आहे. अनुदानित शाळेबद्दलही मी असंच हिरिरीने बोलायचे. तिथले शिक्षक सरकारी पगाराचे, टिकून राहणारे. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी. शेतकऱ्याच्या घरात एवढं सोडून फी भरायला कोण जाईल?

सासऱ्यांपासून आमच्या घरातले सगळे त्याच शाळेत शिकले. पोरगीही पाचवीला तिथेच गेली.

ती सकाळी दहाला निघायची, साडेपाचला यायची. पाठीला दप्तर, हातात निळी एक लिटरची बाटली. डबा रिकामा यायचा आणि बाटली भरलेली. अगदी काठोकाठ नाही, दोन घोट कमी. ते पाणी मी रोज संध्याकाळी तुळशीला ओतायचे. जवळजवळ दोन वर्षं ओतलं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, तर पोरगी पाणी सांडत नाही, जपून वापरते, असं मला मनातून कौतुक वाटायचं. सासूबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "पोर घर उनी का तांब्याभर पानी पेस, तुले दिसस नही का?" दिसत होतं. मला वाटलं, ऊन आहे, पिणारच.

सहावीच्या वर्षी मार्चमध्ये, ऊन चाळिशीला टेकलेलं असताना, तिला थंडी वाजून ताप भरला. पोटात खाली दुखतं म्हणाली. मी ओवा दिला. तिसऱ्या दिवशी धुळ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट यायच्या आतच तिला विचारलं, "शाळेत बाथरूमला किती वेळा जातेस, बाळा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. आईसमोर चोरी पकडली गेल्यासारखी.

"जात नाही."

"म्हणजे सुट्टीत एकदाच?"

"शाळेत जातच नाही."

पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून पाणीच प्यायचं नाही. वर्गातल्या सगळ्याच मुली असं करतात, असं तिने फार सहज सांगितलं. मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या तुळस दिसायला लागली.

शाळेत मुलींसाठी सोय नव्हती असं नाही. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याने मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी लागतात. तशी ती होती, बांधलेली, रंगवलेली. एकाला कुलूप. दुसऱ्याला आतून कडी नाही. आणि दोन्ही त्या जिन्याखाली, जिथे मधल्या सुट्टीत दहावीची पोरं घोळका करून उभी असतात. कोणी गेली की बाहेरून मोठ्याने आकडे मोजायची, किती वेळ लागतो ते. कुलपाची चावी शिपाईदादांकडे.

मी मुख्याध्यापकांना भेटायला गेले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला साने गुरुजींचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. गुरुजी अमळनेरला 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालयात पोरांच्या खोल्यासुद्धा स्वतः झाडायचे, हे आम्हाला इकडे बालवाडीपासून ऐकवतात. मी फोटोकडे बघूनच बोलले, सरांकडे बघायचं मला अवघड जात होतं.

सर वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. म्हणाले, "ताई, उघडं ठेवलं तर पाणी नाही, झाडायला माणूस नाही, सुट्टीच्या दिवशी बाहेरची पोरं आत बाटल्या फोडतात. वेतनेतर अनुदान यायचं तेव्हा येतं." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या मुलीसाठी करू ना सोय. तिला सांगा, सरळ माझ्याकडे येऊन चावी मागायची. तिला कोणी काही बोलणार नाही."

आणि मला, हसू नका, बरं वाटलं. काम झालं असं वाटलं. "थँक्यू सर" म्हणून बाहेर आले, घरी येऊन पोरीला आनंदाने सांगितलं. ती अंथरुणात होती. म्हणाली, "सरांकडे चावी मागायला जाऊ? रोज? सगळ्यांसमोरून?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या रात्री मला माझी शाळा आठवली. पारोळ्याकडच्या खेड्यात, शाळेमागे बाभळी, आम्ही एकीला राखणीला उभं करून जायचो, नाहीतर आम्हीही पाणी प्यायचो नाही. इतकी वर्षं मी हे विसरले होते. माईकवर बोलताना तर साफ विसरले होते.

मी लेखी अर्ज दिला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, म्हणून समितीवरच्या दोघींना गाठलं. एक म्हणाली, रजिस्टर घरी येतं, मी सही करते. दुसरीला ती समितीवर आहे हे माझ्याकडून कळलं. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये मी दाखला काढला.

आता यावर माझ्यातलीच ती माईकवाली बाई मला म्हणते, पळालीस. जिथे कायद्याने पालकांना खुर्ची दिली आहे ती शाळा सोडलीस आणि जिथे पालक-शिक्षक संघात फीबद्दल तेवढं बोलता येतं तिथे गेलीस. बरोबर आहे. मी तिला एवढंच म्हणते, भांडण मी केलं असतं, आग पोरीला झाली असती. यावर ती गप्प बसत नाही. तिचं म्हणणं, बाकीच्या पोरींचं काय?

नव्या शाळा शोधताना मी तीन ठिकाणी गेले आणि तिन्हीकडे आधी बाथरूम दाखवा म्हटलं. एका ठिकाणी काउन्सेलर मॅडम हसल्या, "आधी स्मार्ट क्लास बघून घ्या ना." दुसऱ्या ठिकाणी दाखवलं, ते स्टाफचं होतं. तिसरी ही. इथल्या मावशींनी काही न विचारता चावी न लागणारं दार ढकललं. आत बादली, बादलीत पाणी, झाकणाचा डबा, ओढणी अडकवायला खुंटी. मी आत जाऊन कडी लावून बघितली. लागली. बाहेर येऊन फी विचारली. वर्षाला 32 हजार, व्हॅनचे वेगळे. त्याच शिक्षणहक्क कायद्यातली (आरटीई) 25 टक्के मोफत जागांची सोय पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशाला असते, सातवीला कुठली?

म्हणजे मुलींची शाळा मी तत्त्व म्हणून निवडलेली नाही. कडी लागणारी शाळा निवडली, ती निघाली मुलींची. मिश्र शाळेत असं दार सापडलं असतं तर तिकडे गेले असते. गेलेच असते का, हे मात्र मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. जिन्याखालचे ते आकडे अजून कानात आहेत.

आणि ही शाळा काही स्वर्ग नाही. गणिताच्या मॅडम दिवाळीला सोडून गेल्या, नव्या यायला जानेवारी उजाडला. इथे पगार इतका कमी आहे की चांगलं कोण टिकणार? मैदान म्हणजे अंगण. शाळेत एक मुलगा नाही तरी व्हॅनच्या खिडक्यांना पडदे, आणि "मोठ्याने हसू नका" ही सूचना प्रार्थनेनंतर रोज. पोरगा मात्र जुन्या शाळेतच आहे, त्यावरून नणंद म्हणते, "वहिनी, पोराला खिचडी आन् पोरीला फी? उलटंच तुमचं." चुलतसासऱ्यांनी तर पंगतीत विचारलं, बहिणाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? मी म्हटलं, आबा, त्यांचे चिरंजीव सोपानदेव लिहून घेणारे नसते तर तुम्हाला एक ओवी तरी माहीत असती का? वाढपी येऊन गेला म्हणून विषय तिथेच राहिला.

मागच्या रविवारी पोरीची जुन्या वर्गातली मैत्रीण घरी आली होती. तिने बातमी आणली. कुलूप काढलं, कडी बसवली, जिन्यापाशी आता एक मॅडम उभ्या असतात. माझ्या अर्जामुळे की कुठली तपासणी होती म्हणून, तिला माहीत नव्हतं. दोघी ओट्यावर बसून पापड खात होत्या. तिचं दप्तर शेजारी पडलेलं, क्लासवरून सरळ इकडेच आली होती. बाजूच्या जाळीत बाटली. मी सहज हातात घेतली. जड लागली.

"आता तर जाता येतं ना गं? मग पाणी पितेस की नाही?"

तिने माझ्या पोरीकडे बघितलं, दोघी हसल्या.

"सवय नाही, काकू."