घरी अभ्यास किती घ्यायचा?

जून उजाडला की पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी, आठवडी बाजारात भाजी घेतानाही मला एकच प्रश्न येतो: "बाई, घरी अभ्यास किती घ्यायचा?" मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. विचारणाऱ्यांत पदवीपर्यंत शिकलेल्या आया असतात, रोजाने शेतात जाणाऱ्या बाया असतात, मुंबईत माथाडी काम करणाऱ्या लेकाचं पोर इथे गावी सांभाळणारे आजी-आजोबा असतात. प्रत्येकाची काळजी खरी असते, म्हणून उत्तर सरळ देते. पहिली-दुसरीत घरी अभ्यास घेऊ नका. मला तुमच्याकडून दुसऱ्याच गोष्टी हव्या आहेत, आणि त्या मात्र मी हट्टाने मागते.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलं आहे. पण ते धोरण आलं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. माझं कारण वर्गात रोज दिसतं.

घरी अक्षरं शिकवतात ती बहुतेक तक्त्यावरून. अ अननसाचा, आ आईचा, असं थेट ज्ञपर्यंत. मूल ते गाण्यासारखं म्हणतं, बोट पुढे सरकत राहतं आणि घरच्यांना वाटतं, याला सगळी अक्षरं येतात. मी चित्रावर हात ठेवते आणि मधलंच एखादं अक्षर विचारते. मूल गप्प होतं, नाहीतर ओठातल्या ओठात पहिल्यापासून म्हणत तिथवर येतं. त्याला तक्ता पाठ झालेला असतो, अक्षर ओळखता येत नसतं. वर्गात आम्ही वेगळ्या वाटेने जातो. थोडीच अक्षरं घेतो, त्यांना लगेच काना जोडतो आणि तेवढ्यातूनच शब्द करायला लागतो. म, क, र, ब ही चार अक्षरं आणि काना हाताशी आला की मामा, काका, बाबा, मका, कमर, बकरा एवढं वाचता येतं. 'बकरा' वाचून झालं की पोरं हसतात, कारण तो कुणाच्या ना कुणाच्या दारात बांधलेला असतो. आपण वाचतो त्याला अर्थ असतो, हे मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच कळायला हवं. पुढचं सगळं वाचन त्यावर उभं राहतं. अशा दिवसांत संध्याकाळी घरी कुणी त्याला क का कि की ची बाराखडी पानभर लिहायला बसवलं, तर दोन रीतींच्या ओढाताणीत मूल सापडतं. वाचणं म्हणजे हात दुखणं, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

लिहिण्याची तर फारच घाई होते. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत अजून तेवढं बळ आलेलं नसतं. त्याचा हात धरून गिरवून घेतलं की वहीत अक्षर सुबक दिसतं, पण ते तुमचं असतं. त्यापेक्षा त्याला कणकेचा गोळा मळायला द्या, शेंगा सोलायला बसवा, मणी ओवू द्या, चिंचोके वेचू द्या. शर्टाची बटणं स्वतः लावणारं मूल पेन्सिलही नीट धरतं, हे मी दर वर्षी पाहते. सकाळी घाईच्या वेळी त्याची बटणं तुम्ही लावता ना, ती त्याला लावू द्या. वेळ जाईल, जाऊ दे.

अंकांचं थोडक्यात सांगते. शंभरपर्यंत म्हणून दाखवणाऱ्या मुलाला सात चिंचोके मोजून दे म्हटलं की ते कधी सहा देतं, कधी नऊ. म्हणणं आणि मोजणं वेगळं आहे. आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक शिकवतो. मराठीतल्या एकोणतीस, एकोणचाळीस या संख्या तर सगळ्यांत अवघड, कारण ऐकू येतं 'तीस' आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा खूप गदारोळ झाला. आपली 'एकवीस, बावीस' गेली असं लोकांना वाटलं. प्रत्यक्षात ती पुस्तकात होतीच, नवी रीत तिच्या जोडीला दिली होती. मूल घरी 'वीस नऊ' म्हणालं तर त्याला हसू नका. दोन दशक नऊ हे त्याला समजलं आहे. एकोणतीस हे नाव जिभेवर बसेल हळूहळू.

आता मुख्य कारण. माझ्या वर्गात काही मुलांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी आहे, काहींच्या घरी नाही. एखादीची आई दिवस मावळल्यावर दुसऱ्याच्या रानातून येते आणि चूल पेटवते. एखाद्याच्या आजीला सहीपुरतंही लिहिता येत नाही. मी रोजचं अर्धं शिकवणं घरावर सोपवलं, तर शिकलेल्या घरातलं मूल दिवाळीपर्यंत पुढे जाईल, दुसरं मागे राहील, आणि मागे राहिलेल्याला आपण 'ढ' म्हणून मोकळे होऊ. सहा वर्षांच्या पोरावर हा शिक्का बसला की पुसायला फार वर्षं लागतात, कधीकधी पुसलाच जात नाही. वाचायला शिकवणं हे माझं काम आहे. ते वर्गात पुरं होईल अशी आखणी करणं हेही माझंच काम आहे. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पायाभूत वाचन आणि गणितासाठी तिसरीपर्यंतचा अवधी धरला आहे. तेव्हा ऑगस्टमध्ये शेजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेतलं मूल काय लिहितं ते पाहून झोप उडवून घेऊ नका. "आम्ही अडाणी, आम्ही काय करणार" असं जे म्हणतात त्यांना मी दर वेळी सांगते, तुमच्याकडून मला जे हवं आहे त्याला अक्षर यावं लागत नाही.

पहिलं म्हणजे मूल रोज शाळेत हवं. याबाबतीत मी कडक आहे आणि राहणार. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, लग्न, मग देवदर्शन, मामाच्या गावची जत्रा असं करत पाच-सहा दिवस सहज जातात. मोठ्या वर्गातलं मूल बुडालेला धडा वाचून काढतं. पहिलीतलं कसं काढणार? सोमवारी आलेल्या अक्षराचे शब्द मंगळवारी होतात आणि त्या शब्दांचं वाक्य बुधवारी. मधले दोन दिवस चुकलेलं मूल गुरुवारी नुसतं बघत बसतं. लग्नाला जरूर न्या, पण अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी शाळेत. ज्यांना कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला जावं लागतं, त्यांनी जाण्याआधी मला गाठा. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहाची सोय होते का, आजीजवळ मूल राहू शकतं का, नाहीतर तिथल्या शाळेत बसवण्यासाठी कागद काय लागतील, हे आपण मिळून बघू. न सांगता मूल गेलं की मला काही करता येत नाही.

मूल वेळेवर यावं हेही तितकंच महत्त्वाचं. परिपाठ म्हणजे नुसती प्रार्थना असं समजून त्यानंतर मुलाला सोडणारे पालक आहेत. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना झाल्यावर आमच्याकडे रोज दोन मुलं सगळ्यांपुढे उभी राहून बोलतात: काल घरी काय झालं, म्हैस व्याली का, पाऊस किती पडला. घुम्यातलं घुमं पोरही इथे महिन्याभरात तोंड उघडतं. उशिरा येणाऱ्याचा नेमका तोच वेळ बुडतो. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत असं ठरलं, ते मुलांची झोप व्हावी म्हणून. ती झोप रात्री मोबाइल पाहण्यात गेली तर निर्णयाचा काय उपयोग? रात्री नऊपर्यंत मूल अंथरुणावर हवं आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आणि त्याच्याशी बोला, हे मला सगळ्यात जास्त हवं आहे. भाकरी थापताना, गाडीवर पुढे बसवून रानात नेताना, धारा काढताना. दिवसभरात काय झालं ते विचारा आणि ते सांगत असताना मध्येच दुरुस्त करू नका. तुम्ही जे बोलता त्याच भाषेत बोला. "आमचं बोलणं गावठी, ते शिकलं तर?" असं आया मला हळूच विचारतात. शिकू दे. 'व्हतं' म्हणणारं मूल पुस्तकातलं 'होतं' वर्षभरात सहज आपलंसं करतं. पण ज्याच्याशी कुणी बोललंच नाही, ज्याला पाण्याला 'वॉटर' म्हण एवढंच सांगितलं गेलं, त्याच्याजवळ शब्दच थोडे असतात. मग वाचलेल्या शब्दाचा अर्थ ते कुठून आणणार? आजीला तिच्या गोष्टी सांगू द्या. तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकू द्या. पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्या गोष्टीत मूल वाक्यं आपणहून पुरी करतं, आणि पुस्तक वाचताना त्याला तेच करायचं असतं.

काही नियम आहेत, तेही कारणासकट सांगते. शाळा सुटल्यावर मूल कुणासोबत जाणार त्यांची नावं तुम्ही जूनमध्ये माझ्या वहीत लिहून द्यायची. मोठ्या भावाबहिणीबरोबर चालत जाणार असेल तर तेही लिहायचं. त्या नावांपलीकडचं कुणी आलं तर मी आधी फोन करते, मग तो सख्खा मामा असो की गावचा सरपंच. कुणाला राग येतो. येऊ दे. ताप असेल तर गोळी देऊन मूल पाठवू नका, दुपारी गोळीचा असर उतरतो आणि मूल वर्गात कण्हत बसतं. दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर शाळेतलं जेवू द्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे, आणि वाढण्याआधी आम्ही शिक्षक चव घेतो. तुम्हीही कधीही येऊन चव घ्या, न सांगता या. पाकिटातला खाऊ दप्तरात नको, कारण एकाच्या पाकिटाकडे उरलेली सगळी पोरं बघत बसतात. वाढदिवसालाही केक नको. द्यायचंच असेल तर वर्गाच्या पेटीत गोष्टीचं एक पुस्तक द्या. पहिल्या पानावर मुलाचं नाव आपण लिहू, पुढच्या पहिलीतली मुलंही ते वाचतील.

व्हॉट्सॲप गटावर सूचना येतील तेवढ्या वाचा. कुणाच्या मुलाची तक्रार तिथे टाकू नका आणि दुसऱ्याचं मूल किती वाचतं ते विचारू नका. पोरांची भांडणं झाली तर माझ्याकडे या. फाटकात गाठून दुसऱ्याच्या लेकराला दम देणं मी चालवून घेत नाही.

"ऐकलं नाही तर दोन द्या बाई, आमची हरकत नाही," असं प्रेमाने सांगणारेही असतात. माझी हरकत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी घाबरलेलं मूल मला 'समजलं नाही' असं कधीच सांगणार नाही, आणि ते त्याने सांगितल्याशिवाय मला शिकवता येत नाही. म्हणून एक विनंती आहे. घरी जेवत नाही, झोपत नाही म्हणून "थांब, बाईंना सांगते" असं म्हणू नका. माझ्या नावाची भीती घालून दोन घास जास्त जातील, पण सकाळी वर्गात ते माझ्यापासून लांब बसेल.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. त्या बैठकीला या. पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, कमी पडणारे शिक्षक, हे विषय तिथे निघतात आणि ते पालकांनी बोलले तर हलतात.

"मग शिकवणी लावू का?" हा यानंतरचा प्रश्न. पहिली-दुसरीला नको. त्या वेळात मूल खेळू दे. मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतरही दोन-तीन अक्षरांचे शब्द जुळत नसतील, फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक होत असतील, हाक मारल्यावर दुसऱ्या हाकेला वळत असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथकाने पुढे पाठवायची चिठ्ठी दिली तर ती डब्यात टाकून विसरू नका, आठवड्याच्या आत दवाखान्यात न्या. आणि मला येऊन भेटा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तासभर वर्गातच असते. येताना मुलाला घरी ठेवून या, कारण त्याला काय जमत नाही ते आपण त्याच्यासमोर बोलायचं नाही.