सापडत नाही

रात्रीचे बारा वाजायला आले. वाचनालयाची साईट सुरू झाली, सगळं हिरवं दिसतंय, तरी मन थाऱ्यावर नाही.

दुपारी काकूंचा फोन आला. "अगं, नवीन पुस्तकांत मला अजून दिवाळी अंकच दिसतायत." मी म्हटलं, पान रिफ्रेश करा. तीनदा करायला लावलं त्यांना. मग स्वतः उघडून बघितलं तर त्यांचंच खरं होतं. बारा दिवस! रोज ऑफिसातून आल्यावर कार्डं पुढ्यात घेऊन एकेक नाव टाईप करत होते, पुश करत होते, म्हणजे साईटचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबवर चढवत होते, आणि त्यातलं एकही पुस्तक साईटवर पोचलं नव्हतं. रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या आपल्या कपाटात, सगळं जिथल्या तिथे. होस्टिंग, म्हणजे रेपोतून कोड घेऊन साईट लोकांना दाखवणारी सेवा, तिच्या डॅशबोर्डवर शेवटचा डिप्लॉय (नवा कोड साईटवर लावणं) बारा दिवसांपूर्वीचा, तोही हिरवा. लाल काही असतं तर नजरेला तरी पडलं असतं.

आधी ब्रँचवर, म्हणजे रेपोतल्या कोडच्या फांदीवर, संशय. गिटहबने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपोंची मुख्य ब्रँच 'मेन' नावाने द्यायला सुरुवात केली. आपला रेपो 2019 चा, म्हणून 'मास्टर'. मधे कुणी नाव बदललं असेल आणि होस्टिंग जुन्याच ब्रँचची वाट बघत बसलं असेल, असं वाटलं. पण दोन्हीकडे मास्टरच. मग वेबहुक. प्रत्येक पुशनंतर गिटहब होस्टिंगला निरोप धाडतं, त्या निरोपांची यादी काढली. सगळ्यांपुढे 200. पण 200 म्हणजे निरोप मिळाला, इतकंच. त्यावर पुढे काही केलं का, ते त्यातून कळत नाही. शेवटी हातानेच डिप्लॉय लावला. चार सेकंदांत पडला. लॉगमध्ये कामाची ओळ एकच: रिपॉझिटरी सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे काय? शेजारच्या टॅबमध्ये उघडी होती! दीड तास मी पत्त्यातलं एकेक अक्षर जुळवत बसले. वाचनालयाच्या नावात 'ए' एकदा आहे की दोनदा, मधली रेघ आडवी आहे की खालची. जेवण तसंच झाकून ठेवलेलं. इतकं रडू येत होतं की बास. फुकटचं काम, रात्रीचं काम, आणि ते पोचतं की नाही हे बघायलाही माझ्याशिवाय कुणी नाही.

मग कळलं. रेपो खासगी असेल आणि विचारणाऱ्याला परवानगी नसेल, तर गिटहब 'परवानगी नाही' असं म्हणतच नाही. 404 देतं, म्हणजे असं काही नाहीच. असा रेपो आहे एवढंसुद्धा परक्याला कळू नये म्हणून. बरोबरच आहे ते. पण आपल्याकडून परकं कोण विचारत होतं? होस्टिंगच्या सेटिंगमध्ये 'जोडलेलं खातं' बघितलं. दादाचं. इतकी वर्षं होस्टिंग त्याच्या नावाने कोड मागत होतं, आणि तो बारा दिवसांपूर्वी वाचनालयाच्या गटातून बाहेर पडला.

मेसेज केला. लगेच उत्तर आलं: "अगं हो, जुने अ‍ॅक्सेस सगळे काढले. तुला सांगायचं राहिलंच."

राहिलंच. हे संध्याकाळपासून टोचतंय. साईट बंद पडल्याचं नाही, ते काय, सुरू होतं. अण्णांच्या त्या बैठकीत जे झालं ते झालं, त्यावर आज लिहायचं नाही. पण मला सांगायला काय हरकत होती? एक ओळ. मी जाऊ नको म्हटलं नसतं. म्हटलं असतं कदाचित.

आता लिहिताना दुसरी बाजू दिसतेय. जाणाऱ्याने किल्ल्या ठेवून जायचं असतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच म्हटलं असतं, शहाणा माणूस. हे सगळं कुणाच्या नावावर टांगलंय ते या सगळ्या वर्षांत मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं. तो आहे, एवढं पुरे वाटायचं.

आता 'डिप्लॉय की' नावाची किल्ली बसवली. होस्टिंगकडून किल्ल्यांची जोडी करून घेतली, तिचा जाहीर भाग रेपोत लावला. ही किल्ली त्या एका रेपोची असते, माणसाची नसते. लावणारा निघून गेला तरी ती चालू राहते. लिहिण्याचा अधिकार मुद्दाम दिला नाही तर फक्त वाचू शकते, आणि आपल्याला तेवढंच हवंय. किल्लीला नाव द्यायला एक रकाना होता. सवयीने माझं नाव टाईप केलं, मग ते पुसून 'वाचनालय' लिहिलं.

एका डिप्लॉयमध्ये बारा दिवसांची पुस्तकं एकदम आली. यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली. मग उगाच कमिटचा, म्हणजे रेपोत नोंदवलेल्या बदलांचा, इतिहास शेवटापर्यंत मागे नेला. पहिली कमिट दादाची. गटातून गेला तरी तिथलं नाव तसंच आहे.

काकू झोपल्या असतील, त्यांना सकाळी सांगेन. दादाला आत्ता लिहिलं: "झालं सुरू. यादी बघ एकदा, तू मागे विचारत होतास ते पुस्तक आलंय."