बरं नाहीये का?

"मॅडम, आज काही बोललाच नाहीत. बरं नाहीये का?" मीटिंग संपल्यावर टीममधल्या एकाने दारातच विचारलं.

ठणठणीत होते की! तासभर ऐकत होते. कोण काय म्हणालं ते नावासकट वहीत उतरवलं होतं. एरवी तोंड न उघडणारी आमची नवी मुलगी आज बोलली. ती अडखळली तेव्हा मी तिचं वाक्य पूर्ण केलं नाही, वाट पाहिली. तिच्या त्या एका शंकेमुळे सगळं वेळापत्रक बदललं.

पण वाट पाहणं कुणाला दिसत नाही. टेबलावर हात आपटणारा लगेच दिसतो.

अ‍ॅडम ग्रँट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, पिझ्झा दुकानांच्या एका साखळीवरचा २०११चा अभ्यास आठवला. कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे असतील, तर कमी बोलक्या मॅनेजरच्या शाखांना नफा जास्त. सांगकामे असतील, तर मात्र बोलके मॅनेजर सरस. (हा दुसरा भाग आम्ही अबोल मंडळी सोयीस्करपणे गाळतो.)

हल्ली मी मुद्दे आदल्या दिवशीच पाठवते आणि स्वतःचं पहिलं वाक्य लिहून नेते. सुरुवात जमली की पुढचं निभावतं.

तुमच्यातले अबोल साहेब-मॅडम काय करतात?