मला पहिलीचाच वर्ग हवा

रविवार, रात्र

मुख्याध्यापक पदोन्नतीच्या यादीत माझं नाव लागलंय. मंगळवारी जिल्हा परिषदेत समुपदेशन आहे, म्हणजे कोणती शाळा घेणार ते तिथे विचारतात. दिवसभर अभिनंदनाचे फोन आले. धाकट्या भावाला मात्र मी सांगून टाकलं, मी नकार लिहून देणार आहे. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ताई, लोक पदोन्नतीसाठी कोर्टात जातात गं."

फोनवर त्याला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहून काढते आहे.

पहिलीचा वर्ग आवडतो म्हटलं की लोकांना वाटतं, बाईंना लहान मुलांची हौस आहे, नाहीतर जबाबदारी नको आहे. तसं नाही. मुलाला वाचता येऊ लागतं, ते आपल्या हातून घडावं, यासाठी मी शिक्षिका झाले. इतक्या वर्षांनी हे मला अगदी स्वच्छ कळलंय.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. आधी सगळे स्वर, मग सगळी व्यंजनं, मग बाराखडी, असं मी शिकवत नाही. तसं केलं तर दिवाळी आली तरी मुलाच्या वाट्याला एकही शब्द येत नाही. क, म, ल आणि काना एवढं आलं की काका, मामा, माला, मला, कमाल, सगळं वाचता येतं. मागच्या बाकावरची एक पोर बोट ठेवून वाचत होती. क... म... ल... तीन सुटे आवाज. पुन्हा तेच. मी काही बोलले नाही. अशा वेळी बाईंनी शब्द सांगून टाकला की मुलाचं वाचन बाईंच्या तोंडाकडे बघण्यात अडकतं. तिसऱ्यांदा तिचं बोट थांबलं आणि ती ओरडलीच, "कमल! बाई, माझ्या आजीचं नावंय!" मग तिने ते पाटीवर लिहिलं, वहीवर लिहिलं, शेवटी स्वतःच्या हातावर लिहिलं. घरी नेऊन आजीला दाखवायचं होतं. आजीला वाचता येत नाही.

पट दीडशेच्या वर असेल तिथे मुख्याध्यापकाचं पद, म्हणजे मोठ्या गावची शाळा. तिथे पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची, म्हणजे सरकारला दरवर्षी भरून द्यायची शाळेची माहिती, पगारबिलं, बैठका. हे कुणीतरी चोख करायलाच हवं, आणि करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळे माझा वर्ग चालतो. पण माझा जीव त्यात नाही. ज्याचा आहे त्याला ती खुर्ची मिळावी.

केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानामुळे तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं म्हणून २०२६-२७ची मुदत डोळ्यांसमोर आहे. बैठकांत सगळे त्यावर बोलतात. वर्गवाटपाच्या दिवशी मात्र पहिली मागून घेणारं फारसं कुणी नसतं. अनुभवी माणूस वरच्या वर्गाला आणि नवखा पहिलीला, ही रीत मला मुळातच चुकीची वाटते. सगळ्यात अवघड काम तिथे आहे.

आणि आमच्या बीड जिल्ह्यात तर त्याला आणखी एक घाई असते. दसरा झाला की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात येते. आगाऊ उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, कारखाना कधी सांगलीकडचा, कधी कर्नाटकातला. मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिली तर ठीक, नाहीतर तीही उसाच्या फडावर, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत. परत येतात तेव्हा गुढीपाडवा आलेला असतो. म्हणजे पहिलीतल्या काही मुलांसाठी माझ्या हातात जून ते दसरा एवढंच वर्ष. तेवढ्यात दोन-तीन अक्षरगट पक्के झाले तर ते मूल फडावरही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं नाव वाचत बसतं. नाही झाले, तर पाडव्यानंतर पुन्हा 'क'पासून. या दोन मुलांमधला फरक मी दरवर्षी बघते. तो फरक कमी करणं मला जमतं. एवढं नक्की जमणारं दुसरं काही माझ्याकडे नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला तिथं बरं वाटतं ना? मग चारचौघांत तसं सांग, लपवू नको." खरंय तिचं. आजवर कुणी विचारलं की मी घर लांब पडेल, तब्येत बरी नसते, असली कारणं पुढे करायचे. मंगळवारी साहेबांनी विचारलं तर खरं कारण सांगणार आहे. मला पहिलीला शिकवायचंय.

नकाराचा अर्ज लिहून झाला. आता दसरा झाला की जाणाऱ्या मुलांच्या पिशव्या भरायच्यात. अक्षरकार्डं, पाटी, पेन्सिली आणि प्रत्येकाच्या घरातल्या माणसांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद. नावं विचारून झालीत. जोडाक्षरं असलेली तेवढी बाजूला काढलीत, ती अजून शिकवलेली नाहीत.